डेल्फासाठी सुरा

४ फेब्रुवारी, मंगळवार

सुरा हवाय म्हणाली! डेल्फा — माझ्या बहिणीची नात. बाजारात मासळी विकते, पण झुरळ मारायचं झालं तर डोळे मिटते. मला लोला म्हणते, म्हणजे आजी. "लोला, मला एक सुरा निवडून दे. आणि चालवायला शिकव." घास हातातच राहिला माझ्या.

नवऱ्याला, गास्पारला, सोडून ती माझ्याकडे आली त्याला दोन महिने झाले. आता तो सकाळी नारळीच्या वाटेवर उभा असतो. काल म्हणाला, "माझी नाही, तर कुणाचीच नाही." बाजाराला दुसरी वाट नाही. गावप्रमुखाकडे दोनदा जाऊन आलो. "नवराबायकोचं भांडण आहे, मिटेल." मिटेल म्हणे! कसं, ते मात्र सांगत नाही.

शिकव म्हणते. मला कुणी शिकवलं होतं? बाबा खांबांवरच्या आमच्या घराखाली मुलग्यांना सुरा शिकवायचे, मी वरून बांबूच्या फटींतून बघायची आणि भात कांडता कांडता मुसळाने तेच हात करायची. एकाहत्तर वर्षांची झाले, अजून कुणी मला विचारलं नव्हतं. नाही कशी म्हणू?

६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्या भावाकडे गेलो. इंगो घडीचे सुरे करतो — दोन मुठी पंखासारख्या उघडतात, मधून पातं. मनगटावर खटखट नाचवून दाखवलान. शिंगाच्या मुठीच्या एकावर डेल्फाचे डोळे खिळले.

"ताई, पोरीला नजर आहे हं! हाच दे."

म्हटलं, त्या मुठी उलगडेपर्यंत गास्पार हिच्या गळ्याशी पोचेल. शिवाय पोलिसाने पिशवी उघडली तर आत ही जाईल, तो नाही.

इंगोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग मासे चिरायचा सुराच दे की तिला!"

रागाने बोलला — पण बोलला बरोबर! घरी येऊन तिची टोपली उपसली. तिचा तो आखूड सुरा. मूठ झिजून तिच्या बोटांची झालेली. दहा वर्षं रोज शंभरेक मासे. कामाचं हत्यार, बाजाराला जाताना कुणी हटकणार नाही. "हा?" म्हणाली. तोंड एवढंसं झालं पोरीचं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्याकडे आधी वेताची काठी, मग सुरा. दोन्हींचा हात एकच, असं म्हणतात. म्हणून काठी दिली. मातीत त्रिकोण काढला, त्यावर पाय टाकायला लावले. स्वतःच्याच पायात पाय अडकून पडली, आणि हसली! किती दिवसांनी.

तेवढ्यात कुंपणापलीकडून चोलेंग — गास्पारची आई. तोंडाचा पट्टा सुरूच.

"सेपा, माझ्या पोराचा मुडदा पाडायला शिकवतेस का गं? म्हातारपणी काही लाज?"

डेल्फाची काठी गळून पडली. मी म्हटलं, "तू त्याला वाट सोडायला शिकव, मी आत्ता बंद करते."

फणफणत गेली. मी मात्र बसून राहिले. खरंच मुडदा पडला तर? त्याचा, नाहीतर हिचा? बाबांनी याचं काय सांगितलं होतं कोण जाणे. फटीतून हात दिसायचे, बोलणं अर्धंच ऐकू यायचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज फक्त पाय. तिचे चांगले पडतात. कुरकुरले ते माझे गुडघे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोघींनी पांढरे सदरे घातले. लाकडी सुऱ्यांना कोळसा फासला. गास्पार मी झाले. घटकाभराने मोजलं — तिच्या अंगावर सात काळ्या रेघा, दोन तर गळ्याशी. माझ्या बाहीवर एक.

"म्हणजे सात वेळा मेले की मी!" हसलो. मग दोघींचंही हसू थांबलं.

चूक माझी! काठीने तिला लांब हात टाकायची सवय लावली. हातात वीतभर पातं, आणि हात जातो काठीएवढा. सगळं अंग उघडं पडतं. सगळे काठीपासून शिकवतात म्हणून मीही — डोकं गहाण ठेवलं होतं का माझं?

तिला मासळीच्या पाटीसमोर बसवलं. "मासा चीर." कोपर बरगडीला, हलतं ते मनगट. म्हटलं, "थांब! हाच हात. याच्यापुढे जायचं नाही. तुला धरेल त्या हातावर चालव, आणि पळ."

"पळायचंच तर सुरा कशाला, लोला?"

"त्याने धरलेलं सुटावं म्हणून."

पुन्हा मोजलं तेव्हा रेघा तीन.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज एकच रेघ. ती खूश. मला कॉफी कडू लागली. एकसुद्धा पुरते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

झालं ते. आज सकाळी, वाटेवर.

त्याने मनगट धरलं, झाडीत ओढायला लागला. "लोला, मला काही आठवलंच नाही. कोपर आपलं आपण अंगाशी आलं." त्याचा तळवा कापला, हात सुटला, आणि ही टोपली टाकून धावत सुटली ती बाजारात, मासळीवाल्यांच्या घोळक्यात. अंगावर ओरखडासुद्धा नाही.  आता माझ्या चटईवर झोपलीय, मूठ अजून आवळलेली.

त्याला सहा टाके. घरी आहे. दुपारी गावप्रमुख स्वतः कागद घेऊन आला — गास्पारने हिच्या जवळपास फिरकायचं नाही. आज लेखणी सापडली वाटतं! रक्त सांडल्यावर!

मला आनंद व्हायला हवा होता. माझं शिकवणं खरं ठरलं. मी मात्र दोनदा उठून दाराची कडी बघून आले.

२ मार्च, रविवार

सकाळी फाटकाशी चोलेंग. भांडायला आली म्हणून मी डेल्फाच्या पुढे जाऊन उभी राहिले. ती ओरडली नाही. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला. बगलेत कपड्यांचं बोचकं.

माझ्या तोंडून निघून गेलं — अगं, त्याच्या हाताला तर टाके आहेत ना?

"डावा बरा आहे त्याचा," म्हणाली.

मी फाटकाकडे जाईपर्यंत डेल्फाने कडी काढली होती.