मागे घेतलेली दिलगिरी

सौ. सुनंदा माधव गर्गे यांस,

घरात तुला पूर्ण नावाने हाक मारण्याचा प्रसंग कधी आला नाही. काल शाळेच्या सभागृहात तेच नाव फलकावर वाचले. त्या फलकाखाली जे ऐकावे लागले, त्याची किळस अद्याप गेलेली नाही. म्हणून हे पत्र, तुझ्याच चित्रकलेच्या वर्गात, तुझ्याच टेबलावर बसून लिहीत आहे.

शोकसभा होती. तुझ्या छायाचित्राला भाऊसाहेबांच्या फुलांच्या दुकानातील हार होता. ते शाळा समितीचे सभासद म्हणून पहिल्या रांगेत बसले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "गर्गेबाई मोठ्या मनाच्या! चूक दाखवली, तर लेखी मान्य करण्याचं औदार्य त्यांच्यात होतं." एवढे बोलून त्यांनी जुनी फाइल उघडली आणि वाचून दाखवले, "सदर उपक्रमामुळे पालकांच्या भावना दुखावल्या, याबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे."

भाऊसाहेबांनी मान डोलावली. नंतर सर्वांनी वेफर्स खाल्ले.

सुनंदा, ते वाक्य माझे होते!

बाहेर पायऱ्यांवर एक तरुणी थांबली होती. "काका, मी सुषमा. भाऊसाहेबांची." मी नमस्कार केला. ती म्हणाली, "ते पत्र बाईंचं नाय. बाई असं कधी बोलायच्याच नाय. कोणी लिहून घेतलं त्यांच्याकडून?" मी चष्मा पुसत राहिलो.

सत्त्याण्णव साली ही मुलगी नववीत होती. इतर शाळांत मुले माठ आणि दोन केळी काढत. तू मात्र शनिवारी अर्धी शाळा सुटली की पाच-सहा मुलांना वाचनालयात नेत असस. जर्मनीतील अभिव्यक्तिवादी चित्रकारांवरचे एकच जाडजूड पुस्तक होते आणि ते घरी न्यायची परवानगी नव्हती. मुले तेथेच टिपणे काढीत, रंग डोक्यात साठवून आणीत आणि कार्डशीटवर भरीत. मग प्रत्येकाने वर्गासमोर दहा मिनिटे बोलायचे. वेळ संपली की तू स्टीलच्या पेल्यावर पट्टी वाजवायचीस.

मी त्या चित्रांना काय म्हणत असे, आठवते? "हिरवे चेहरे, वाकड्या इमारती, हे शिकवण्यासाठी सरकार पगार देते?" तू हसून म्हणायचीस, "अहो, तुम्ही एकदा ऐकायला तरी या."

आलो होतो. स्नेहसंमेलनाच्या दिवशी, पालकांसमोर. सुषमाने अगोदर पुस्तकातले सांगितले, अगदी धीटपणे. "हे चित्रकार दिसतं ते काढत नव्हते, वाटतं ते काढत होते." नंतर तिने स्वतःचे चित्र उलगडले. माणसाचा सगळा चेहरा म्हणजे एक लाल तोंड, आणि खाली चौकटीचा शर्ट. ती म्हणाली, "हे माझे बाबा. ते ओरडतात तेव्हा मला त्यांचे डोळे दिसतच नाय, निस्तं तोंड दिसतं."

भाऊसाहेबांच्या अंगात तोच शर्ट होता. "काय गं, एवढं मोठं तोंड माझं? घास तरी मोठा देत जा मग!" असे ते म्हणाले. सगळे हसले, तेही हसले. तिसऱ्या दिवशी त्यांची तक्रार आली. मुलांना वेडेविद्रे चेहरे काढायला लावतात, वडिलांचा अपमान करायला शिकवतात. तुझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला.

तू खुलासा लिहायला बसली होतीस. मी तुझ्या हातातून कागद घेतला. कार्यालयात आयुष्यभर मसुदे लिहिलेला माणूस मी!

"मी चुकले, असं तुम्हाला वाटतं?" तू विचारलेस.

"प्रश्न वाटण्याचा नाही, नोकरीचा आहे."

तू सही केलीस. म्हणालीस, "भाषा माझी नाही, म्हणणं माझं नाही. सही तेवढी घ्या." उपक्रम बंद झाला. त्यानंतर सात वर्षे तू माठ आणि केळीच शिकवलीस, आणि मी त्याला स्थैर्य म्हणालो. तू एकदा तरी माझ्यावर का संतापली नाहीस?

आज सकाळी मी मुख्याध्यापकांना अर्ज दिला. "कै. सुनंदा गर्गे यांची दिलगिरी या पत्रान्वये मागे घेण्यात येत आहे."

"साहेब, आता काय उपयोग? बाई तर गेल्या."

"म्हणूनच. त्यांना आता सही करता येत नाही; मला येते."

फार बाणेदार वाटले मला ते उत्तर! मग तुझे कपाट रिकामे करायला येथे आलो. तळाशी सुषमाचे चित्र जपून ठेवलेले सापडले. त्याखाली एक तुझ्या हातचे होते. टेबलाशी बसलेला पुरुष, शेवाळी रंगाचा चेहरा, तोंड नाही. पेन धरलेला हात मात्र एवढा प्रचंड, की कागदाची अर्धी बाजू त्यानेच व्यापलेली. टेबलाच्या कडेला, त्या हाताच्या सावलीत, बांगड्या घातलेल्या हाताची बोटे. खिशाला लावलेल्या दोन पेनांवरून मी स्वतःला ओळखले.

प्रथम "शी!" असे तोंडून निघाले. असा दिसतो मी? मग सकाळचा अर्ज आठवला. त्यात मूळ पत्र कोणी लिहिले, हे मी सफाईने गाळले होते. काल पायऱ्यांवर तोंड नव्हते, आज अर्जातही नाही. भाऊसाहेबांची किळस करणे किती सोपे होते!

आताच कार्यालयात जाऊन अर्जावर स्वहस्ते एक ओळ वाढवली. "मूळ पत्राचा मजकूर माझा असून कै. सुनंदा गर्गे यांना तो मान्य नव्हता."

उद्या सुषमाकडे जाईन. तिचे चित्र तिला देईन, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर देईन. भाऊसाहेब घरी असले, तर त्यांच्यादेखत देईन. तुझे चित्र माझ्या टेबलासमोर लावीन आणि त्याला कुरूप म्हणणार नाही. हे वचन आहे, मसुदा नव्हे.

तुझा,
माधव

ता. क. चित्रकला वर्गाच्या खिडक्या बंद केल्या. दाराला कुलूप लावले. वर्गाची आणि कपाटाची, अशा दोन्ही किल्ल्या शाळेच्या कार्यालयात परत दिल्या.