मेंढरं दुपारी डोकं कुठं घालतात

प्रिय शैलाबाई,

काल आमची मेंढरं गेली. विकली, टेम्पोत भरून नेली. गाव म्हणायलंय बरं झालं, म्हातारीच्या मागची कटकट गेली. मेंढरांबरोबर आणखी काय गेलं ते समजणारं माणूस एकच होतं, अन् ते तुमी. म्हणून तुमालाच लिहायलेय. तुमी वाचणार न्हाई हे मला ठावं हाय. पण दुसऱ्या कुणाला लिहू, सांगा?

माझं अक्षर बघून हसू नका. दुसरीत असताना शाळा सुटली. धाकटा भाऊ सांभाळायचा जिम्मा माझ्यावर आला, तो मोठा झाला, पण माझी शाळा काय परत आली न्हाई. काने-मात्रे जिथं बसतील तिथं बसू द्या. तुमी तपासायला असता तर लाल पेनानं पान भरलं असतं! न्हाई, चुकलं. तुमी लाल पेन कुठं वापरत होता? पोरांच्या वहीत कडेला पेन्सिलीनं बारीक लिहायच्या, "कशावरून?"

त्या कशावरूननं आमचं घर डोक्यावर घेतलं होतं बाई. आमची पल्लवी सहावीत गेली, तुमच्या वाचनालयाच्या तासाला बसायला लागली, अन् घरात सुखानं बोलायची सोय उरली न्हाई. सून म्हणाली, भाजीत मीठ बराबर हाय. "कशावरून?" बाप म्हणाला, उद्या एस्टी येणार न्हाई. "कशावरून? कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं?" विष्णू वैतागायचा. "आई, ही पोरगी वकील होती का हवालदार?" मी म्हणायची, "काय बी होऊ दे, तुझ्यावानी मुकी तर न्हाई!" लय मजा वाटायची मला. नात बोलायली की हातातलं निवडणं तसंच राहायचं.

माझी समजूत अशी, की वाचनालयाचा तास म्हणजे गोष्टीचं पुस्तक घ्यायचं अन् गप बसायचं. तुमचं उलटंच. ज्याचा जवाब आपल्याला ठावं न्हाई असा सवाल आधी पोरानं शोधायचा. मग पुस्तकाकडं जायचं, मग जाणत्या माणसाकडं, अन् शेवटी आपल्या डोळ्यांकडं. "तिघं एकच बोलले तर लिहा. नाही बोलले तर त्यांचं भांडण कशावरून लागलं ते लिहा," असं तुमी म्हणायच्या. पल्लवी घरी येऊन तुमची नक्कल करून दाखवायची, चष्मा वर सरकवायची तशी सरकवून. तुमाला कधी सांगितलं न्हाई, रागवाल म्हणून.

सगळ्या पोरांनी कसले कसले सवाल आणले. आमच्या पोरीनं काय आणावा? मेंढरं दुपारी एकमेकींच्या पोटाखाली डोकं का घालतात!

जन्म गेला माझा मेंढरांमागं. ऊन चढलं की ती गोळा होतात, डोकी आत, पाठी बाहेर, अशी उभी राहतात. मला कधी सवाल पडला न्हाई. मेंढरू मेंढरावानी उभं राहिलं, त्यात काय इचारायचं? पण पोरीला पडला. कपाटातल्या पुस्तकात लोकर होती, घोंगडी होती, डोक्याचं काहीच नव्हतं. मग तुमी मला बोलावणं धाडलं. तासाला!

मी नवं पातळ नेसून आले होते, तुमी बघितलं का न्हाई कुणास ठाऊक. तुमी मला खुर्ची दिली. पोरं उभी राहिली. मी थाटात सांगितलं, "ऊन लागतं म्हणून. सावली करतात एकमेकींना."

पुढच्या रांगेतली एक टिचभर पोर उठली. "कशावरून आजी? ऊन तर पाठीला बी लागतं. मग निसतं डोकंच का?"

आता आली का पंचाईत! मला राग बी आला अन् हसू बी. डोकं खाजवलं तवा सासूबाई आठवल्या. मी म्हणाले, "आमच्या सासूबाई म्हणायच्या, नाकात माशी शिरती म्हणून." तुमी टाळी वाजवली. "आजी, तुमच्या एकटीकडंच दोन जवाब निघाले, अन् दोघांचं भांडण!" अन् फळ्यावर पुस्तकाचं नाव होतं, त्याच्या खाली माझं नाव लिहिलं. पुस्तकाच्या पंगतीला मी! घरी येऊन सुनेला हे इतक्यांदा सांगितलं की ती म्हणाली, आत्याबाई, आता चहा तरी घ्या.

मग भांडण सोडवायला तुमी पोरं घेऊन आमच्याकडं आला. भादव्याचं ऊन, अंगाची लाही. अन् मी काय केलं? पाव्हणी येणार, बाई येणार, पोरांना माश्या चावतील, मेंढरं घाणेरडी दिसतील. म्हणून तुमी यायच्या आधी कडूलिंबाचा पाला पेटवून धूर केला! आमच्यात पाव्हण्याला असंच करतात. तुमी आला तर सगळी मेंढरं डोकी वर करून रवंथ करायलीत, फोटो काढायला उभी केल्यावानी.

पल्लवी जी रडायला लागली! "आजे! तुला कुणी सांगितलं धूर करायला? आता मी काय बघू?"

अन् तुमी? तुमी हसत हसत ढेकळांवरच बसलात. मग तिला जवळ ओढून म्हणाला, "डोकं वर कर. ऊन आहे का?"

"हाय."

"मेंढरांनी डोकी घातलीत का?"

"न्हाई."

"मग ऊन आहे तरी डोकी वर. इथून काय गेलं?"

पोरीनं नाक पुसलं. मेंढरांकडं बघितलं, धुराकडं बघितलं. "माश्या!"

बाई, तो चेहरा! नातीचं लगीन मला बघायला मिळंल का न्हाई ठावं न्हाई, पण मिळालं तरी त्या दिवशीही ती तशी दिसणार न्हाई.

"लिहू का बाई?" तिनं इचारलं. तुमी न्हाई म्हणाला. एकदा दिसलं म्हणजे खरं झालं असं न्हाई. धुराला भिऊन बी डोकी वर आली असतील. एक दुपार धूर करायचा, एक दुपार करायचा न्हाई, ऊन दोन्हीकडं सारखं पाहिजे. परत करू, म्हणाला.

ते परत राहिलं.

आधी पाऊस लागून राहिला. मग तुमचं पोट दुखायला लागलं. याचा मला तुमच्यावर राग हाय, मेलात तरी हाय. लोकांच्या पोरांना प्रत्येक गोष्टीला कशावरून इचारायच्या, अन् स्वतःच्या पोटाला कधी इचारलं का? "एवढा तास होऊ दे, मग दाखवते." सोनपेठला दवाखाना हाय, परभणीला इतके मोठे डॉक्टर हायत. नेलं तवा उशीर झाला होता. शाळेच्या पोरांनी फुलं आणली होती, अन् आमची पल्लवी हातात काहीच न घेता उभी राहिली.

थंडीत मेंढरं डोकी घालत न्हाईत, हे तुमालाही मीच सांगितलं असतं. म्हणून उन्हाळ्याची वाट बघायची ठरवली होती. पोरगी म्हणाली होती, "आजी, तू अन् मी करू. बाईंचं राहिलंय."

तवा म्हणाली होती.

तुमच्या जागी कुणी आलं न्हाई. एका सरांवर दोन वर्ग हायत, ते तरी काय करतील? वाईट न्हाईत ते. वाचनालयाच्या तासाला परीक्षेचे पेपर सोडवून घेतात. कपाटाला कुलूप हाय. प्रदर्शन होतं तवा म्हणाले, दुकानातून तक्ता आणा अन् उतरवून काढा. पल्लवीनं उंट काढला. वाळवंट, पाठीवरची मदार, सगळं सुबक. तिला बक्षीस मिळालं. मी बी टाळ्या वाजवल्या, काय करू? तिनं जन्मात उंट बघितला न्हाई बाई. अन् तिला कुणी इचारलंही न्हाई.

मेंढरांचं म्हणाल तर चारी अंगानं ऊस झाला. चरायला बांध उरला न्हाई. विष्णू ट्रॅक्टरवर जातो, माझे गुडघे चालत न्हाईत. मी त्याला म्हणाले, "ऊन तापेपर्यंत तरी थांब."

"कशाला?"

"पोरीचा सवाल राहिलाय."

तो हसला न्हाई. हळूच म्हणाला, "आई, सवालाला चारा कोण घालणार?"



काल टेम्पो भरताना पल्लवी दारात पाठांतर करायलती. मी म्हणाले, "पलू, आता तुझं कसं ग?"

"कशाचं?"

"मेंढरांचं. डोकं घालायचं."

"ते परीक्षेला येत न्हाई आजी."

आवाजात राग न्हाई, रडू न्हाई. रडली असती तर बरं वाटलं असतं. मग जेवताना मी मुद्दाम काय म्हणाले ठावं हाय का? म्हणाले, "आपल्या गोदावरीचं पाणी म्हणं आता समुद्रावानी खारट झालंय." लहानपणापासून त्या पाण्यात डुंबलेली पोर ती! विष्णूनं घास थांबवला. सून माझ्याकडं बघायला लागली. पल्लवी म्हणाली, "बरं." अन् भाकरीचा तुकडा मोडला.

तवाच मला तुमी खरोखर गेल्यासारखं वाटलं बाई. त्या आधी न्हाई.

मला इचाराल तर माश्याच. मला आतून वाटतं, सासूबाई बराबर होत्या. पण आपण एकदाच बघितलं, अन् ते बी माझ्या धुरात. म्हणून तुमाला शब्द देते. पल्लवीनं कधी इचारलं, तर मी छातीवर हात ठेवून "माश्यांमुळं" असं सांगणार न्हाई. पोरीला बरं वाटावं म्हणून बी न्हाई. अर्धंच बघितलंय, खरं काय ते मला ठावं न्हाई, एवढंच सांगीन. ती इचारंल असं मला वाटत न्हाई.

तुमची,
गयाबाई, पल्लवीची आजी