माझ्या नावाची दुसरी बाई

उरण, मंगळवार

राग अजून उतरलेला नाही.

दुपारी पोलीस येऊन गेले. कोणा बाईने माझ्या आधारकार्डावर स्वतःचा फोटो लावून पनवेलला फ्लॅट भाड्याने घेतला आणि भाडं, विजेचं बिल बुडवून पळाली. फोटो पाहिला. हसरी बाई, खाली माझं नाव. हसतेय काय! माझ्या कार्डाची झेरॉक्स तिच्या हाती लागली कुठून? सिमकार्डवाल्याकडून? एजंटकडून? अल्ला जाणे.

ती मी नाही, हे पोलिसांना पटलं. घरमालक म्हात्रेकाकांना नाही. संध्याकाळी दारात येऊन म्हणाले, "शबाना, उद्या खोली खाली कर. पोलिसांचं लफडं मला नको." आणि जाताना माझ्या खोलीची वीज बंद केली. इतकी वर्षं वेळेवर भाडं देतेय, त्याचं काहीच नाही?

अंधारात तो हसरा चेहरा पुन्हा डोळ्यांसमोर आला. तशीच उठले, पोलीस ठाण्यात गेले, त्या बाईविरुद्ध तक्रार नोंदवली, काकांनी काय केलं तेही सांगितलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला कोणी काढू शकत नाही. वीजही तोडता येत नाही." माझ्यासमोरच त्यांनी काकांना फोन लावला.

परतले तर माझ्या खोलीत दिवा लागलेला दिसला. काका जिन्यात उभे. "झालं गेलं. राहा तू."

जणू उपकारच!

"राहणार तर आहेच, काका," मी म्हटलं. "पण चोरी माझ्या नावाची झाली आणि बाहेर तुम्ही मलाच काढत होता."

काकांनी मान खाली घातली. मी बाजूने वर आले आणि खिडक्या सताड उघडून जेवायला बसले.