सहा दिवस ठेवलेला मासा

आई, परवा दुपारी मी आणि वहिनी जपानी हॉटेलात जेवलो. वांद्र्याला, त्या काचेच्या इमारतींच्या गर्दीत. दादाच्या मुलानं आईवडिलांसाठी दोन जागा राखून ठेवल्या होत्या, पण दादा म्हणाला, "कच्चे मासे खायला मी काय मांजर आहे?" म्हणून त्याच्या जागी मी गेले. तू जाऊन चौदा वर्षं झाली. तुझ्या सुनेनं आणि मुलीनं शेजारी बसून असं निवांत जेवण्याची ही पहिलीच वेळ.

तिथे मेनूकार्ड नसतं. लाकडी ओट्यापलीकडे शेफ उभा असतो, समोरच मासा कापतो, भाताच्या लहानशा मुटक्यावर ठेवतो आणि एकेक घास पुढ्यात देतो. शेफ जपानी नव्हता, मणिपूरचा होता, पन्नाशीचा, हिंदी बोलणारा. तिसऱ्या घासाला वहिनी म्हणाली, "हा बांगडा. मीठ लावून ठेवलाय." शेफनं मान वर केली. मग ती त्याला पोटाकडचा भाग आणि शेपटीकडचा भाग यांतला फरक विचारायला लागली, आणि त्या माणसानं माझ्याकडे पाठ केली नाही एवढंच, बाकी तो सगळा तिच्याकडे वळला. "आपने कहाँ सीखा?" त्यानं विचारलं. वहिनी म्हणाली, "मेरी माँ ने सिखाया."

तिची आई जन्मभर वरण-भात-भाजी करणारी बाई. तिच्या माहेरी अंडंसुद्धा गॅलरीत उकडत. माँ म्हणजे तू. मी हातातल्या काड्यांशी खेळत बसले. मला म्हणायचं होतं, ती माझी आई, हिची सासू. पण साठीला टेकलेल्या बाईनं असं बोलणं कसं दिसतं हे मला कळतं.

घाटकोपरचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तू आडाळ्यावर बसली आहेस, एक पाय दुमडून, विळीच्या पात्याखाली सुरमईची तुकडी पडते आहे, आणि तुझ्यासमोर पाटावर नवी सून. तिचा पदर नाकाला आहे. तू म्हणतेस, "बोटान दाब. खड्डो पडलो तर परत दी." ती दाबते, शहारते, पुन्हा दाबते. मी दारात उभी राहून बघते आणि बाहेरच्या खोलीत जाते. वर्षभरात ती रविवारी तुझ्याबरोबर बाजारात जायला लागली. कोळणी तिला ओळखायला लागल्या. तू गेल्यावर आडाळा कुणाकडे जाणार हा प्रश्नसुद्धा निघाला नाही, तो तिच्या ओट्याखालीच होता. मी सगळ्यांना सांगत आले की आईनं मला काही शिकवलं नाही, सगळं सुनेला दिलं. तू दर रविवारी विचारायचीस, "येतंस गो?" आणि मी पुस्तक वर करायचे. हाताला वास राहतो, कॉलेजात मुली नाक मुरडतात, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ते माहीत असणार. एके रविवारी तू विचारायची थांबलीस.

तर हॉटेलात आठवा की नववा घास आला. तांबोशीसारखा मासा, फिका गुलाबी. वहिनीनं वाकून पाहिलं, बोटाचं टोक हळूच लावलं आणि म्हणाली, "भैया, यह आज का नहीं है." शेफचा सुरा थांबला. मग तो हसून म्हणाला, "छह दिन का है, मॅडम. हमने जान-बूझकर रखा है." कापडात गुंडाळून, बर्फाजवळ, रोज कापड बदलून. अशानं मासा मुरतो, चव गोड होते, त्यांच्याकडची हीच रीत, असं त्यानं फार अदबीनं समजावून सांगितलं. वहिनीचे कान लाल झाले.

मला इतका आनंद झाला, आई. मी मोठ्यानं हसले आणि शेफला म्हणाले, "इनकी सास ने सिखाया है ना, इसलिए."

तो हसला. पलीकडे बसलेलं जोडपंही हसलं. वहिनी हसली नाही. तिनं आपली ताटली दोन बोटं पुढे सरकवली आणि शांतपणे म्हणाली, "आईंना चाललं नसतं." तिची चूक निघाली तेव्हाही ती तुझ्या बाजूनं बसली होती. आणि मी, जिला पाऊण तास तुला 'माझी' म्हणायचं होतं, मी तुला एका वाक्यात सासू करून तिच्या पदरात टाकून मोकळी झाले, कारण तेवढ्यापुरती तू चुकीची ठरली होतीस.

मी माझा घास खाल्ला. मग तिचाही खाल्ला.

परतताना टॅक्सीत ती मुलाला कोणते फोटो पाठवायचे ते विचारत होती, नेहमीसारखीच. मी माफी मागितली नाही. हे लिहिलेलं तिला दाखवणार नाही, आणि तुला पाठवायची सोय नाही.

मासा चांगला होता, आई. नुसता चांगला नाही, फार चांगला. तू एक घास तोंडात टाकला असतास तर काय म्हणाली असतीस, याचा मी परवापासून विचार करते आहे. मला सांगता येत नाही. वहिनीला विचारावं लागेल.