मोटारहोमची जमीन, तुमची बहीण आणि मी

ती. दादा यांस,

साष्टांग नमस्कार वि. वि. (माझे गुडघे सध्या साष्टांग सोडाच, पायमोजा घालण्याइतकेही वाकत नाहीत. त्यामुळे नमस्कार मनातल्या मनात घातला आहे, तो पोचला असं समजावं.) तुमची प्रकृती कशी आहे? जिना चढताना धाप लागत होती ती कमी झाली का? वहिनींचा खोकला थांबला का? आणखी एक चौकशी आपली सहज करतो. मागच्या मंगळवारी एक बॅग, एक छत्री आणि कापड कापायची मोठी कात्री घेऊन तुमची बहीण तुमच्याकडे आली आहे. तिची तब्येत कशी आहे? ताप वगैरे नसणार हे ठाऊक आहे, मी रागाचं विचारतोय. उतरतोय का? की संध्याकाळी पुन्हा चढतो?

हे पत्र तिला परत बोलावण्यासाठी लिहिलेलं नाही, हे आधीच स्वच्छ सांगतो. सख्ख्या भावाकडे आली आहे, हवी तितकी राहू दे. मी अगदी ठणठणीत आहे. स्वतः रांधतो, स्वतः खातो आणि नावंही स्वतःच ठेवतो. पण झालं काय ते एकदा माझ्या तोंडूनही तुमच्या कानावर जावं, एवढाच हेतू. एका बाजूचं ऐकून निकाल देणाऱ्यांतले तुम्ही नाही, हे मला माहीत आहे. (वहिनींबद्दल मला तितकी खात्री नाही, पण ते असो.)

सुरुवात गाडीपासून करायला हवी. ते जुनं मोटारहोम मी घेतलं तेव्हा तुम्ही त्याच्याभोवती एक चक्कर मारलीत, मागच्या चाकाला पायाने ठोसलंत आणि 'हं' एवढंच म्हणालात. त्या 'हं'चा अर्थ मला कळायला तीन वर्षं लागली. गाडी सव्वीस वर्षांची. पोटात बिछाना, ओटा, टेबल, कपाटं, संडास, सगळा संसार. तुमची बहीण तिला पहिल्या दिवसापासून सवत म्हणते. सवतीला दर रविवारी न्हाऊ घालता, माझ्या शिलाई मशीनला तेल घालायला मात्र तुम्हाला सवड नाही, असं तिचं म्हणणं. तरीसुद्धा या वर्षी ती आपण होऊन म्हणाली की दुकान महिनाभर बंद ठेवते, चला, कुठंतरी दूर जाऊन येऊ. चाळीस वर्षांत तिने शिवणाचं दुकान चार दिवसांच्या वर कधी बंद ठेवलेलं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तिने गिऱ्हाइकांना निक्षून सांगितलं, राहिलेली कामं रात्रीचा दिवस करून उरकली, दारावर परतीच्या तारखेची पाटी लावली. निघायच्या आदल्या दिवशी ती ओट्याशी डबे लावत होती आणि मी ऐटीत दारातून आत पाऊल टाकलं. ते घोट्यापर्यंत जमिनीत गेलं. दारातून कित्येक वर्षं पाणी झिरपून खालचं प्लायवुड बिस्किटासारखं मऊ झालं होतं. पाय निघाला, चप्पल आतच राहिली. ती गाडीखाली उताणं झोपून काढावी लागली.

दोन दिवसांचं काम आहे, असं मी म्हणालो. (हे वाक्य ती तुम्हाला माझ्या आवाजात म्हणून दाखवत असेल. नक्कल तिला छान जमते.) सुतार आला. हा माणूस फारसा बोलत नाही, बोटाच्या पेराने ठोकून बघतो आणि मान हलवतो. त्याने दोन ठिकाणी मान हलवली होती, उचकटल्यावर सात ठिकाणी कुजकं निघालं. त्याने नवं प्लायवुड ठोकून दिलं आणि विचारलं, वर काय घालायचं? तिथून माझा छळ सुरू झाला. दादा, घरातली फरशी कुणीही निवडेल, कारण घर जागचं हलत नाही. गाडीचं तसं नाही. खरी फरशी घालावी तर वजन वाढून गाडी चढावर रडते. एकमेकींत अडकवायच्या फळ्या घ्याव्यात तर उन्हात फुगून मधेच वर येतात. कार्पेट पायाला मऊ लागतं, पण एकदा ओल्या पायांनी कुणी आत आलं की आठवडाभर वास जात नाही. जाड काही घातलं तर खालचे ड्रॉवर उघडत नाहीत, पातळ घातलं तर खालचा एकेक खिळा वर येऊन हजेरी लावतो. आणि माझी हयात गेली नकाशे काढण्याच्या कचेरीत, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी एकेचाळीस नमुने आणले. त्यांच्यावर आकडे टाकले, तक्ता आखला. प्रत्येकावर तेल सांडलं, किल्लीने ओरखडे काढले, निम्मे छपरावर उन्हात टाकले आणि निम्मे फ्रीजरमध्ये ठेवले. (मटार शोधताना तुमच्या बहिणीच्या हाताला नमुना क्रमांक तेवीस लागला. त्या दिवशी आमच्याकडे मटार झाले नाहीत.)

आता खरं सांगायचं तर तिने फरशीच्या दुकानात पहिल्याच दिवशी, दोन मिनिटांत, एका गुंडाळीवर बोट ठेवलं होतं. निळसर राखाडी व्हिनाइल, त्यावर बारीक पांढरी नक्षी, एकसंध, हलकं, खाली मऊ अस्तर. अंगठ्याने दाबून बघितलं, कोपरा दुमडून बघितला आणि म्हणाली, "हे घ्या." मी म्हणालो, अगं, ही जमीन आहे, बाहीचं कापड नव्हे. आणि तक्ता करायला घेतला. स्वतःच्या दुकानाच्या पाटीवरची तारीख तिने चारदा खोडून बदलली. गिऱ्हाइकं रस्त्यात थांबवून विचारायला लागली, काय हो, गेला नाहीत वाटतं अजून? शेवटी साडेतीन महिन्यांनी तक्त्यात पहिला आला नमुना क्रमांक नऊ, म्हणजे तेच निळसर राखाडी. मी ही बातमी तिला मोठा शोध लावल्याच्या थाटात सांगितली. ती काहीच बोलली नाही. तोंडात टाचण्या धरल्या होत्या म्हणून बोलली नसेल असं मला तेव्हा वाटलं. दुकानदाराकडे त्या नक्षीचा शेवटचा तुकडा उरला होता, आमच्या गाडीपुरता, वर चार बोटं. आता हे येत नाही म्हणाला.

गाडीतलं सामान जमिनीला ठोकलेलं असतं, त्यामुळे नवं व्हिनाइल त्याच्या कडेकडेने कापावं लागतं. बिछान्याचा पेटारा, ओट्याचा कोपरा, चाकावरचा उंचवटा, टेबलाचा खांब, सगळ्याला खाचा. त्यासाठी आधी जाड कागद अंथरून तो बरोबर कापायचा, मग तो व्हिनाइलवर ठेवून आखायचं. हे काम मी माझ्याकडे घेतलं. दोन दिवस खपून असा कागद कापला की भिंतीला लावावा. मग हॉलमधलं सामान हलवून व्हिनाइल पालथं पसरलं, कारण वरच्या बाजूवर पेन घसरतं, पाठीवर छान उठतं. आता पाठीवर आखायचं म्हणजे कागदही पालथा घालायला हवा. तो कसा कोण जाणे, सुलटाच पडला. तिने एक टोक धरलं, मी आखलं आणि तिच्याच मोठ्या कात्रीने एका दमात कापून टाकलं. कात्री काय सुरेख चालली!

मग सुतार, ती आणि मी असे तिघं ती गुंडाळी आत घेऊन गेलो आणि उलगडली. ओट्याची खाच बिछान्याकडे. चाकाचा उंचवटा डावीकडे आणि त्याची खाच उजवीकडे. टेबलाच्या खांबाचं भोक भलतीकडेच, तिथे कधी खांब नव्हता आणि होणारही नाही. मी पुढचं मागे करून पाहिलं, मागचं पुढे करून पाहिलं. शेवटी सुताराने ते उचलून सरळ पालथं घातलं. दादा, केसाचीही फट नाही! असं बसलं की वाटावं गाडी त्याच्या मापाने बांधलीय. "साहेब, माप एकदम बरोबर आहे," सुतार म्हणाला, "फक्त पोट खाली गेलंय आणि पाठ वर आलीय." तुमची बहीण पायरीवर बसली आणि हसायला लागली. गळ्यातल्या टेपने डोळे पुसत पुसत हसली. तिचं बघून सुतारही हसला. त्याला दात आहेत हे मला तेव्हा कळलं. मी तेवढा हसलो नाही. मी काहीतरी बोललो. काय बोललो ते महत्त्वाचं नाही. (बरं, सांगतो. "कागद तू धरला होतास." चारच शब्द.) तिचं हसू तिथल्या तिथे थांबलं. तिने गळ्यातली टेप काढली, गुंडाळून खिशात ठेवली, थर्मासात चहा आहे असं सुताराला सांगितलं आणि घरात गेली. अर्ध्या तासाने ती बसमध्ये होती. दारसुद्धा आपटलं नाही हो. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पहिला दिवस मी रागात काढला आणि तो चांगला गेला. दुसऱ्या दिवसापासून करमेना. पुन्हा दुकानात गेलो, तर दुकानदार 'जवळपास तसंच' म्हणून एक तपकिरी काहीतरी दाखवायला लागला. मी तडक परत आलो, बिघडलेलं व्हिनाइल घेतलं आणि त्याचेच तुकडे करून सुलट्या बाजूने जुळवायला बसलो. सुतार म्हणाला नवीन घ्या, कशाला जीव काढताय. मी म्हणालो, हेच पाहिजे. चार दिवस गुडघ्यांवर होतो. खिडक्या उघड्या ठेवा असं गोंदाच्या डब्यावर लिहिलेलं मी डबा संपल्यावर वाचलं, तोपर्यंत कपाटाशी माझं बोलणं बरंच पुढे गेलं होतं. एकदा विजारीचा गुडघा जमिनीला चिकटला, तेव्हा विजार तिथेच सोडून घरात यावं लागलं. (शेजारणीने तोंड फिरवलं, भली बाई.) आता सहा तुकडे आहेत, पाच जोड आहेत, जोडांवर पट्ट्या आहेत. नक्षी तीन ठिकाणी जुळते. ओट्याजवळचा एक कोपरा सारखा डोकं वर काढतो. काम झाल्यावर सुताराने सगळं वाकून पाहिलं आणि 'हं' म्हणाला. तुमची आठवण आली.

तर असं आहे. एकंदरीत सगळं क्षेम. तिने सावकाश यावं, माझा कसलाही आग्रह नाही. वहिनींना नमस्कार सांगावा, तुम्ही जिना हळू चढावा. पत्र लांबलं, डोळे दुखवून घेऊ नयेत.

तुमचा आज्ञेतला,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. १ : वर 'कागद कसा कोण जाणे सुलटाच पडला' असं लिहिलंय, ते वाक्य खोडायला हवं होतं. कसा पडला ते मला पक्कं ठाऊक आहे. आखायच्या आधी तिने दोनदा सांगितलं होतं, "अहो, पाठीवर आखताय ना, मग कागदही पालथा घाला. आम्ही कापड तसंच बेततो. आणि कागदावर 'वरची बाजू' म्हणून लिहून ठेवा." मी म्हणालो, मला शिकवू नकोस, मी तीस वर्षं नकाशे काढलेत. तिने कागद मी धर म्हणालो तसाच धरला. चूक सोळा आणे माझी, आणि ती मी परक्या माणसादेखत तिच्या अंगावर ढकलली. फार वाईट वागलो, दादा. काल सुतारालाही हे सांगितलं. तो म्हणाला, मला त्याच वेळी कळलं होतं.

ता. क. २ : एक विनंती. वरचा ता. क. ती समोर असताना मोठ्याने वाचावा. मला तोंडावर बोलायला जमत नाही, चाळीस वर्षांत सवयच केली नाही. बाकीचं पत्र वाचलं नाहीत तरी चालेल. बाहीच्या कापडाचं वाक्य तर मुळीच वाचू नये. आणि वर 'माझा कसलाही आग्रह नाही' असं लिहिलंय, ते साफ खोटं आहे. घर खायला उठतं.

ता. क. ३ : पाकिटावर तिकीट नाही म्हणून चमकू नका. हे मी स्वतःच तुमच्या पेटीत टाकणार आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, बेकरीसमोर, सकाळपासून गाडी लावून बसलोय आणि हे सगळं आतल्या टेबलावर लिहितोय. वर यायचा धीर होत नाही. (बेकरीवाला दोनदा विचारून गेला, काही हवंय का म्हणून. त्याला काय सांगू?) तिला म्हणावं, माझ्याबरोबर कुठे जायचं नसलं तर राहू दे, पण एकदा खाली येऊन ही जमीन बघ आणि पोट भरून हस. या खेपेला मी एक शब्द बोलणार नाही. (फक्त ओट्याजवळच्या कोपऱ्यावर पाय देऊ नकोस म्हणावं, गोंद ओला आहे. एवढंच, पुढे तोंड बंद.)