चिकटलेल्या बरण्या

४ मार्च

मनगटावर एक मधमाशी चावली. आठ वर्षांत शेकड्यांनी डंख खाल्ले, कधी काही झालं नाही. आज ओठ सुजले, छाती आवळली, जिना उतरता येईना. डॉक्टरांनी वेळेवर टोचलं म्हणून हे लिहितोय. म्हणाले, "पुढचा डंख शेवटचा ठरू शकतो. छंद बदला."

बायकोला सांगितलं, पित्त उठलं. ती मुळातच गच्चीवरच्या त्या मधमाश्यांच्या पेटीवर खार खाऊन आहे. भीतीनं तिथं पाऊल टाकत नाही. खरं कळलं तर पेटी दुसऱ्या दिवशी घराबाहेर! आणि यंदाच कुठं जमलंय — पेटीवर चार काचेच्या बरण्या पालथ्या घातल्यात, माश्या पोळं थेट बरणीतच बांधतायत.

७ मार्च

वर गेलो नाही.

१२ मार्च

आजही नाही. डोळे मिटले की कानात गुणगुण. घसा दहा वेळा चाचपून पाहिला.

१९ मार्च

बरण्या गच्च भरल्या. आता जागा नाही दिली तर अख्खं मोहोळ उठून जाईल. जाड कपडे, दुहेरी हातमोजे, तोंडावर जाळी. हात लावला — बरणी हलेना! दर दोन दिवसांनी ती जराशी फिरवायची असते, नाहीतर माश्या डिंकानं फळीला चिकटवून टाकतात. हे मीच लोकांना शिकवतो! आणि पंधरा दिवस भीतीपोटी बोट लावलं नाही. आता हिसडा द्यावा लागणार, आणि हिसडा दिला की त्या खवळणार.

एक माशी जाळीवर, ऐन डोळ्यासमोर बसली. धूम ठोकली खाली. ही शिवणयंत्रावर होती. एवढा घाम कसला, म्हणाली. उन्हाचा, म्हटलं.

२० मार्च

भित्रा! भित्रा!

२१ मार्च

पेटी देऊन टाकवत नाही. मरायचीही तयारी नाही. उद्या काय वाट्टेल ते होवो, बरण्या काढणार.

२२ मार्च

उठलो तर ओट्यावर चारही बरण्या, झाकणं लावलेल्या. हिच्या हातावर तीन डंख, एक डोळा सुजून बंद. शिवणाचा जाड दोरा बरण्यांखालून करवतीसारखा ओढला म्हणे. ही वही माझ्या पुढ्यात आपटली.

"जीव जाईल हे वहीला सांगता, मला नाही?"

मी तिच्या हातातले काटे नखानं खरवडून काढू लागलो.

"आजपासून पेटी माझी. काय कसं करायचं, ते तुम्ही इथं बसून सांगायचं."