पेंढ्याचा लांडगा

१२ मार्च

चि. बारक्यास, ताईचे भरभरून आशीर्वाद.

तुझं खुशालीचं पत्र पोचलं. इकडची खुशाली मात्र विचारू नकोस. काल पुन्हा हरणं कुंपणावरून आत आली आणि नव्या रोपांचे शेंडे फस्त करून गेली. पूर्वी कशी कान टवकारून यायची, दोन घास घेतले की पळायची. आता मनसोक्त चरतात आणि तिथेच रवंथ करत बसतात मेली. ओढ्याकाठी एकही नवं झाड वाढू देत नाहीत. काठ ढासळून ओढा बागेत शिरलाय. टेकडीवर खायला उरलं नाही, त्यामुळे त्यांच्याही बरगड्या निघाल्यात. कुणाचंच भलं झालं नाही बघ.

तुझे दाजी मात्र शेवटचा लांडगा कसा मारला ते अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. तोंडाभोवती ओंजळ धरून लांडग्याच्या सुरात हाळी घातली आणि तो आपणहून समोर आला म्हणे. ऐकून ऐकून विटले मी. तेव्हा मी जीव तोडून सांगत होते, एखादा तरी राहू द्या. तुला काय कळतंय, असं म्हणून हे हार घालून घ्यायला गेले होते.

ही रोपं गेली तर बाग विकायची आणि लेकीच्या दोन खोल्यांत जाऊन राहायचं, असं ठरलंय. माझी उभी हयात या मातीत गेली रे. म्हणून विचारते, तू पेंढा भरलेला तो लांडगा संग्रहालयातून थोडे दिवस पाठवशील का? हरणं निदान बिचकतील. कल्पना दाजींचीच, पण तुला सांगायची त्यांना लाज वाटते.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, पत्रातून कळवायची राहते एवढंच.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

लांडगा ट्रकमध्ये चढवला. साहेबांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत, त्या जागी त्यांना खेळण्यांचं दुकान थाटायचंय. पोरं जबड्यात हात घालून फोटो काढतात, त्यामुळे दात हलतात. जपून उतरवून घे. पोटाची शिवणही जुनी झालीय.

दाजींना सांग, माझ्याकडे आला तेव्हा त्याचं तोंड मिटलेलं होतं. म्हातारा होता बिचारा, दात झिजलेले. तो विक्राळ जबडा दाजींच्या हट्टापायी मी लाकडाचा करून बसवला. आणि हाळीला तो धावत आला, यात मर्दुमकी कसली? त्याच्या भाषेत त्याला किती दिवसांत कुणी हाक मारली नसेल! तिकडे हारतुरे चालले होते, इकडे त्याला सोलताना माझा हात चालत नव्हता. रागावू नकोस. बाग वाचावी असं मलाही मनापासून वाटतं.

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा बारक्या

४ एप्रिल

चि. बारक्यास, आशीर्वाद.

दाजींनी स्वतः लांडगा रोपांच्या मधोमध उभा केला, त्याच्या अंगावरची धूळ झटकली, लांबून दोनदा निरखून आले. मग आम्ही दोघं खिडकीशी बसलो. हरणं आली. एक म्हातारी हरणी तेवढी थबकली, तिने पाय आपटला. बाकीच्यांना हे जनावर कोण हेच ठाऊक नाही, त्यांचा जन्मच त्याच्यानंतरचा. एका पाडसाने त्याला मान घासून खाज भागवून घेतली आणि शिवण उसवली. मग सगळी गोळा झाली आणि त्याच्या पोटातला पेंढा ओढून ओढून खाल्ला. मला हसू फुटलं रे, आणि हसता हसता रडू आलं. पेंढा संपल्यावर त्यांनी रोपं खाल्ली.

बागेचा सौदा झाला. घेणारा माती खणून विकणार आहे. मी सामान बांधतेय. तुझा जबडा तेवढा शाबूत राहिला, तो पाठवते.

दाजी आता ती गोष्ट कुणाला सांगत नाहीत. काल संध्याकाळी बागेच्या टोकाला गेले, ओंजळ धरली आणि तीच हाळी घातली. एकाही हरणाने मान वर केली नाही. टेकडीकडे कान लावून बराच वेळ उभे राहिले, मग पुन्हा घातली. शेवटी मी जाऊन त्यांचा हात धरला. तुला काही ऐकू आलं का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं.

यापुढे पत्र लेकीच्या पत्त्यावर टाक. माया तिथेही पोचती कर.

तुझी ताई